मरीना साकारणारी नर्तिका

‘मेरा नाम जोकर’मधील (1970) मरीना म्हणजे क्सेनिया र्‍याबिंकिना. गेल्या अंकातील लेखात त्यांना राज कपूर यांनी शोधून काढलेली नवखी नायिका म्हटले आहे. ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. 1945 साली जन्मलेल्या र्‍याबिंकिना मुळात मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या बॅले नर्तिका. त्यांची बहीण येलेना हीसुद्धा त्याच रंगमंचावरची. पडद्यावरही त्या आधीच आल्या होत्या. पुश्किनच्या कथाकाव्यावरील, अलेक्सांद्र प्तुश्को दिग्दर्शित ‘झार साल्तान’मध्ये (1966) कपाळावर तारा लखलखणारी हंसराजकन्या त्यांचीच.

‘जोकर’मध्ये त्या सोव्हिएत सर्कशीतील झुल्यावरच्या कलावंत झाल्या. चित्रपटाचा नायक राजू आणि मरीना यांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हणून चार तासांहून लांब या चित्रपटाच्या मधल्या भागाचा बराच भार नजर, मान आणि हातांवर पडतो. तो पेलला बॅलेच्या तालमीनेच. चित्रपट तेव्हा तिकीटबारीवर आपटला, त्यात त्यांचा दोष नव्हता. पुढेही त्यांची खरी कारकीर्द नृत्याचीच राहिली. 2009 मध्ये ऋषी कपूर यांच्या ‘चिंटूजी’त त्या पुन्हा हिंदी पडद्यावर दिसल्या.

— एक वाचक, वाशीम