उंबरठ्यावर परत



गेले अडीच महिने ह्या सदराची जागा दुसऱ्या लेखणीने सांभाळली, हे आपणांस ठाऊकच आहे. आमच्या गुरुदीक्षेस २०२५ साली पंचवीस वर्षे पूर्ण झाली. दीक्षा मिळाली ती २००० च्या पवित्र वर्षात आणि रौप्यमहोत्सव आला तोही पवित्र वर्षातच. तेव्हा फादरांनी रोमला जाऊन यावे, असे खानापूर तालुक्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामाने परस्पर ठरवून टाकले. वर्गणी दिली ती शेतकऱ्यांनी, गवंड्यांनी आणि मोलमजुरी करणाऱ्या बायाबापड्यांनी. एका घरचे पैसे रेडकू विकून आलेले होते, हे आम्हांस निघण्याच्या आदल्या रात्री कळले. कळले नसते तर प्रवास अधिक हलका झाला असता.

जुलैच्या आरंभी, चिखलात रोपलावण चालू असता, आम्ही निघालो. देवळाची घंटा वाजविणारे म्हातारेबाबा एस. टी.पर्यंत छत्री धरून आले होते. त्यांनी एकच मागणे मागितले : लूर्दचे पाणी, बाटलीभर.

रोमचे वर्णन आम्ही करीत नाही. ते करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांस आमच्यापेक्षा अधिक दिसले असावे. संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार २४ डिसेंबर २०२४ रोजी उघडले गेले होते. त्यातून आत शिरताना मागून यात्रेकरूंचा असा रेटा आला की, योजून ठेवलेली प्रार्थना अर्धी बाहेरच राहिली. खिशात धर्मग्रामातील घरांची यादी होती. ती मग आत एका खांबाआड उभे राहून, एकेक नाव घेत, वाचली.

आम्हांस अधिक वेळ थांबावेसे वाटले ते क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेयाच्या देवळात. तेथल्या जुन्या येशूसंघीय मठात १५७५ साली एक इंग्रज तरुण उमेदवार म्हणून दाखल झाला होता. तेच आपले फादर थॉमस स्टीफन्स. पुढे १६१६ साली ज्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले, ज्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या आपल्या भाषेत रचल्या, तेच हे. आज उभे असलेले देऊळ त्यांच्या नंतरचे, बेर्नीनीने बांधलेले आहे. तरी टेकडी तीच, आणि चढताना लागणारा दमही बहुधा तोच.

रोमहून आम्ही फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, एका खेड्यात गेलो. तेथील धर्मगुरूंच्या गैरहजेरीत सहा आठवडे मिस्सा करण्याचे आम्ही कबूल केले होते. देऊळ एवढे मोठे की आमचा सारा गाव त्यात मावावा. आणि रविवारच्या मिस्सेला माणसे बारा, तीही बहुतेक वृद्ध. आमचे फ्रेंच ऐकून त्या आजीबाई हसत, पण हसू रुमालाआड ठेवीत. मिस्सा संपल्यावर कुणी टोमॅटो आणून देई, कुणी मुरंब्याची बाटली. सुटीवरून परतलेल्या धर्मगुरूंच्या हाती अशी कितीतरी गावे होती. एका संध्याकाळी त्यांनी सरळच विचारले की, आपण येथेच का राहत नाही? महागुरुस्वामींस पत्र आपण लिहितो, असेही ते म्हणाले.

वाचकांपासून काय लपवावे? आम्ही लगेच 'नाही' म्हटले नाही. तेथे गरज खरीच होती. शिवाय स्वच्छ खोली होती, पुस्तके होती, पावसात गळणारे छप्पर नव्हते, आणि भांडणे मिटविण्यास रात्री कुणी दार ठोठावीत नव्हते. तीन दिवस आम्ही ह्याचा विचार करीत होतो. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर धर्मशिक्षक मास्तरांचा निरोप आला : म्हातारेबाबा गेले. शेजारच्या धर्मगुरूंनी भर पावसात येऊन तैलाभ्यंग केले, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मातीही दिली. आम्ही त्या परक्या देवळात बाबांसाठी मिस्सा केली. नऊ फ्रेंच आजीबाई हजर होत्या. त्यांना बाबांचे नाव नीट उच्चारता येईना, तरी प्रत्येकीने ते उच्चारून पाहिले.

लूर्दला पाणी घेतले, ते हे ठाऊक असूनही. १८५८ साली बर्नादेतला जेथे पवित्र मातेने दर्शन दिले, त्या गुहेजवळच्या नळांवर रांग होती. रांगेत उभे असताना बाटली कुणासाठी भरतो आहोत, हे आम्हांस सांगता आले नसते. पुढे फातिमाला गेलो. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. त्याचे मुख्य देऊळ ह्याच मातेच्या नावाचे. त्यामुळे तेथे परकेपणा वाटला नाही.

शेवटचा मुक्काम लिस्बन. तेजो नदीच्या काठी आम्ही बराच वेळ बसून होतो. ४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहूनच गलबतात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचले. पोचल्यावर बापाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी वाटेतल्या दुखण्यांनी खलाशांच्या हिरड्या कशा सुजल्या, हेही कळविले आहे. मग चाळीस वर्षे गोव्यात काढून १६१९ साली ते येथेच निवर्तले. ते घरी परतलेच नाहीत. आमच्या खिशात मात्र परतीचे तिकीट होते, आणि तेही रेडकाच्या पैशांतले. काठावर बसून आम्ही फ्रान्सच्या धर्मगुरूंस नकाराचे पत्र लिहिले. ते फार चांगले उतरले नाही, तरी धाडले.

सप्टेंबरच्या मध्यास मुंबईहून रेल्वेने बेळगाव आणि तेथून गावी आलो. भात पोटरीला आले होते. ऑगस्टच्या वादळात देवळाची कौले उडाली, ती पोरांनी कुणाची वाट न पाहता पुन्हा बसविली होती. संध्याकाळची जपमाळ एक दिवसही चुकली नव्हती. आम्हांस बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर किंचित हिरमुसलेही वाटले. मृत्यूच्या नोंदवहीत बाबांचे नाव शेजारच्या फादरांच्या अक्षरात होते. त्यांच्या अक्षरावर आम्ही पूर्वी पुष्कळ थट्टा केली आहे.

अंधार पडता बाबांच्या घरी गेलो आणि बाटली आजींच्या हाती दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, थोडा वेळ मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "फादर, पलीकडच्या घरची सून कालच बाळंत झालीय. पोर अशक्त आहे. हे तिला देऊ या. तुम्हीही चला, आशीर्वाद द्या."

आजी बॅटरी घेऊन पुढे निघाल्या, आणि चिखलात पाय जपत आम्ही त्यांच्या मागे.