सगळं धरून

‘ऑल-इन्क्लुजिव्ह’चं मराठी ‘सर्वसमावेशक’ करणाऱ्या अनुवादक मित्रांनो, हा शब्द मागे घ्या. इथे समावेश होतो तो न्याहारीचा, बिअरचा आणि पोहण्याच्या तलावाचा. १९५० मध्ये क्लब मेदने मायोर्का बेटावर तंबू ठोकून आगाऊ पैशांचा हा हिशेब मांडला, तेव्हापासून तो हिशेबच आहे.

दक्षिण गोव्यातल्या अशाच एका ‘फॅमिली’ रिसॉर्टमध्ये मी चार दिवस राहिले. मनगटावर पट्टा, मुलांना हवं तितकं आइस्क्रीम. आमच्या प्लेटा उचलणारा मुलगा झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीचा, गोवा एक्स्प्रेसने आलेला. बुंदेलखंडात पाऊस हुकला की माणसं अशीच बाहेर पडतात. त्याच्या बायकोमुलांनी समुद्र पाहिलेला नाही. किनारा कायद्याने सगळ्यांचा, पण ती आलीच तर उतरतील कुठे? ‘फॅमिली’ म्हणजे कोणाची? चार दिवसांत कोकणीचा एक शब्द कानावर पडला नाही. (माशाची आमटीही नाही, पास्ता मात्र तीन तऱ्हांचा.)

खोली घेताना आपण विचारतो, ‘सगळं धरून किती?’ तेच छापा. त्यात दराखेरीज कसलंही वचन नाही. ‘सर्वसमावेशक’ आपल्याला शाळेसाठी आणि ग्रामसभेसाठी लागणार आहे.