फळमाशीवरचा खर्च वाया जात नाही

गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा होतो, तोवर ज्या नळीतून मज्जारज्जू घडतो ती बंद झालेली असते. तिच्या पोटाकडच्या भागात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी तयार होतात, तर पाठीकडच्या भागात स्पर्श आणि वेदनेचे संदेश पुढे नेणाऱ्या. ही वाटणी होते प्रथिनांच्या कमीजास्त प्रमाणावरून. खालच्या पृष्ठरज्जूतून ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पसरते, पाठीकडून बीएमपी गटातली प्रथिने. जिथे जे प्रमाण, तिथे तशी पेशी.

हे कळले कसे?

क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हायडेलबर्गमध्ये फळमाशीच्या बिघडलेल्या अळ्या तपासत होते. ‘सॉनिक हेजहॉग’ ज्याच्या कुळातले, ते ‘हेजहॉग’ जनुक त्यांनी 1980 मध्ये जगासमोर मांडले. 1995 मध्ये नोबेल मिळाले. त्याआधी, 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोत एकाच डोळ्याची कोकरे जन्मत होती. गाभण मेंढ्यांनी खाल्लेल्या रानटी वनस्पतीतले सायक्लोपामिन हे द्रव्य सॉनिक हेजहॉगचाच संदेश अडवते, हे पुष्कळ उशिरा उलगडले. तोच संदेश रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध 2012 पासून त्वचेच्या एका कर्करोगावर वापरात आहे.

म्हणूनच संशोधनाला पैसा देण्याआधी ‘याचा उपयोग काय?’ असे दरडावून विचारणे चुकीचे आहे. हायडेलबर्गला त्याचे उत्तर देता आले नसते. आज मात्र प्रयोगशाळेत मूलपेशींना रेटिनॉइक आम्लासोबत सॉनिक हेजहॉगचा संदेश देऊन स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी घडवतात आणि एएलएससारख्या असाध्य आजाराचा अभ्यास त्यांच्यावर करतात.