संबळ थांबल्यावर

गणपतीच्या दिवसांत नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत मिरवणूक बघायला थोडा वेळ उभे राहावे. ढोलताशांचे पथक येते. पन्नास-साठ तरुण मुले-मुली, कमरेला ढोल, डोक्याला फेटे, पुढे ध्वज नाचवणारे दोघे-तिघे. ताशा कडकडतो, ढोल घुमतो, बघणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलते. एवढ्यात हात वर होतो, वादन थांबते आणि टेम्पोवर चढलेला निवेदक ध्वनिक्षेपक हातात घेतो. पथकाची स्थापना, परंपरेचा जाज्वल्य वारसा, मंडळाचे आधारस्तंभ, मग ज्यांनी टी-शर्ट दिले त्यांचे आभार. दोन-तीन मिनिटे लोक सहन करतात. मग मागून कुणीतरी ओरडतो, "अहो, वाजवा की आता!" सगळे हसतात आणि निम्मे लोक मोबाइल खिशात घालून पुढच्या गणपतीकडे निघतात.

हाच सूर आता घरच्या गोंधळातही ऐकू येऊ लागला आहे. लग्न झाले की आपल्या मराठवाड्यात पुष्कळ घरांतून कुळाचार म्हणून गोंधळ घातला जातो. पूर्वी रात्र जागवणारा हा विधी हल्ली जेवणावळ आणि आहेर यांच्यामध्ये पाऊण तासात उरकतो. संबळ घुमते तोवर मंडळी खूष असतात. गोंधळी कथा लावू लागला की यजमानांचा धाकटा भाऊ घड्याळ दाखवतो, "महाराज, बोलणं जरा आटपतं घ्या, संबळ होऊ द्या!"

दोन्ही प्रसंग एकत्र पाहिले की निष्कर्ष काढणे सोपे वाटते. लोकांना आता वाद्य हवे, शब्द नको. तसे म्हणणारे मला भेटतात आणि त्यांत शिकलेली माणसे जास्त असतात. मला हे पटत नाही. लोक शब्दाला कंटाळलेले नाहीत. कोणत्या शब्दाला ते कंटाळले आहेत हे आपण नीट पाहिलेले नाही. या गफलतीत रस्त्यावरच्या निवेदकाचे काही बिघडत नाही, तो पुढच्या वर्षीही टेम्पोवर चढणारच आहे. बिघडणार आहे ते गोंधळ्याचे.

हे भांडण केवळ आपल्याकडचे नाही. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडे 'ड्रम कोअर' नावाचा प्रकार आहे. एकविशी-बाविशीपर्यंतची मुले फुटबॉलच्या मैदानावर पितळी वाद्ये आणि ढोल घेऊन कवायत करीत वाजवतात. १९७२ पासून त्यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा होतात. अनेक वर्षे तिथे ध्वनिक्षेपकाला बंदी होती; वाद्याचा आवाज प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हीच मर्दुमकी. २००४ सालापासून ध्वनिक्षेपकाला परवानगी मिळाली आणि वादनाच्या मध्ये माणसाचा बोलण्याचा आवाज येऊ लागला. कुणी उतारे वाचू लागले, कुणी कार्यक्रमाचा आशय सांगू लागले. जुने प्रेक्षक भडकले. आम्ही ढोल ऐकायला येतो, प्रवचन ऐकायला नाही, असा त्यांचा सूर होता आणि तो आजही पुरता मावळलेला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की शब्द आले म्हणून कार्यक्रमाला कथा आली आणि नवखा प्रेक्षकही त्यात गुंतला. भाच्याने दाखवलेल्या दोन-चार चित्रफिती पाहून मला जुन्या प्रेक्षकांचा राग समजला. ढोलाने जे आधीच सांगितले होते, तेच तो आवाज पुन्हा सांगत होता. उदास सूर लागले की तो म्हणणार, मी एकटा आहे. समोरच्याला कळले नसेल असे धरून चालणारा शब्द कुणालाही रुचत नाही.

आता आपल्या गोंधळाकडे पाहू. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या गोंधळाच्या मुख्य देवता. गोंधळ्यांमध्येही रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा आहेत. म्हणजे नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या परंपरेच्या ऐन अंगणात येतात. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची. साहित्य म्हणावे तर एक संबळ, एक तुणतुणे, झांज आणि तीन-चार माणसे. पूर्वरंगात गण आणि देवांना आवाहन, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. कमरेला बांधलेले ते जोडवाद्य, एक काठी सरळ आणि एक टोकाशी वाकलेली, एवढ्या सामग्रीवर ही माणसे रात्रभर गर्दी धरून ठेवत असत, तीही ध्वनिक्षेपकाशिवाय.

ती गर्दी कशी धरली जाई? मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि त्याचा साथीदार त्याला अडवतो. "मग राजा काय म्हणाला?" "खोटं सांगता तुम्ही!" "बायकोला विचारलं का त्यानं?" श्रोत्याच्या मनात येणारी शंका साथीदार आधीच विचारतो आणि श्रोत्यांतला एखादा धीट म्हातारा त्याच्याही पुढे जाऊन उत्तर देतो. गोंधळी ते उत्तर उचलतो, त्यावर कोटी करतो, संबळाची एक थाप पडते, हशा होतो, कथा पुढे सरकते. लहानपणी आजीकडून गोष्ट ऐकताना आपण 'हूं' म्हणायचो ना, तोच हा हुंकारा. हुंकारा थांबला की आजी विचारायची, "झोपलास का रे?" गोंधळात संबळ हे काम करते. ऐकणारा जागा आहे ना, हे ते पाहत असते. शब्दाला जागा करून देण्यासाठीच ते थांबते.

माझी उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली आणि त्यातला बराच काळ याच दोन जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये. एकदा एक गोंधळी शेळ्यांसाठी कर्ज मागायला आला. अर्जातला 'व्यवसाय' हा रकाना भरताना आमच्या कारकुनाने 'वाद्यवादन' असे लिहिले. मी ते वाचून दाखवल्यावर तो गृहस्थ अवघडून म्हणाला, "सायेब, वाजवायचं काम ल्योक करतो. माझं काम बोलायचं." 'बोलणे' हा व्यवसाय बँकेच्या कोणत्याच यादीत बसेना. अखेर 'पारंपरिक लोककलावंत' असे लिहून आम्ही वेळ निभावली. पण त्याचे म्हणणे बरोबर होते. गोंधळ्याच्या घरात संबळ शिकायला काही वर्षे लागत असतील, आख्यान शिकायला जन्म लागतो.

नांदेडकरांना याचे आणखी एक उदाहरण घराजवळच ऐकता येते. शीख समाजात ढाडी जथ्यांची परंपरा आहे. गुरू हरगोविंदांनी सतराव्या शतकात नत्था आणि अब्दुल्ला या दोन ढाडींना आश्रय दिला, तेव्हापासून ती मानाने सांगितली जाते. डमरूच्या आकाराची छोटी ढड्ड हातात धरून वाजवणारे गायक, सोबत एक सारंगी आणि एक बोलणारा. गायक वीररसाचे पद म्हणतात, ढड्ड थांबते आणि बोलणारा इतिहासातला प्रसंग सांगू लागतो. चांगला वक्ता असला तर प्रसंग अशा ठिकाणी आणून सोडतो, की संगतीतून कुणीतरी "जो बोले सो निहाल" अशी साद घालतो आणि सगळी संगत "सत श्री अकाल" म्हणून उत्तर देते. त्या गर्जनेवर पुन्हा ढड्ड सुरू होते. पंजाबी पुरते न कळणारा माझ्यासारखा माणूसही तिथे कंटाळत नाही, कारण आपल्या उत्तराची कुणीतरी वाट पाहत आहे हे त्याला जाणवते.

शब्द असा वाट पाहणारा असला तर काय करू शकतो, ते मी औसा तालुक्यात पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरे, घरांना क्रमांक. त्यानंतर चार-पाच वर्षांनी अशाच एका नव्या गावात खातेदाराच्या मुलाच्या लग्नानंतरच्या गोंधळाला मी गेलो होतो. गोंधळ्याने रिवाजाप्रमाणे देवांना बोलवायला सुरुवात केली. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. मग गावच्या देवांची पाळी आली. त्याने "जुन्या गावचा मारुती" असे म्हटले आणि संबळ थांबवले. पुढे काहीच बोलला नाही.

थोड्या वेळाने बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "आमच्या गल्लीतला म्हसोबा." त्याने म्हसोबाला बोलावले, संबळाची एक थाप पडली. मग दुसरी म्हणाली, आडावरची आसरा. पुरुषांतून कुणी वेशीजवळच्या पिराचे नाव घेतले, तेही त्याने घेतले. अर्धा तास हे चालले होते. रडणे फारसे नव्हते. बायका एकमेकींना विसरलेल्या जागा आठवून देत होत्या, "अगं, चावडीमागची मरीआई राहिली की!" नकाशावरून पुसलेले एक गाव त्या रात्री तोंडी पुन्हा मांडले गेले. संबळ हे एकट्याने करू शकले नसते. आणि गोंधळ्याने त्या ठिकाणी भूकंपावर चार हृदयद्रावक वाक्ये म्हटली असती, तर तेही झाले नसते.

निवेदकाचे चुकते ते इथे. त्याच्या वाक्यांना उत्तर नसते. टाळ्या मागण्यापलीकडे त्याला समोरच्याकडून काही नको असते. शिवाय ढोल इतका मोठा आणि ध्वनिक्षेपक त्याहून मोठा, की समोरचा बोलला तरी ऐकू कुणाला जाणार? मग लोक "वाजवा की" म्हणतात, यात त्यांचा काय दोष?

पण गोंधळात घड्याळ दाखवणाऱ्या धाकट्या भावाचा दोष आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. त्याची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. पाहुण्यांना परतायचे असते, सकाळी कामे असतात, मंगल कार्यालय तासांच्या हिशेबाने घेतलेले असते. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकही बंद होतो आणि ते योग्यच आहे. काही आख्याने आजच्या मुलींना ऐकवताना जीभ अडखळावी अशी आहेत, हेही खरे. मात्र रात्रभर बसा असे कुणीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे, की पाऊण तासात कात्री नेहमी कथेलाच का लागते?

याचा परिणाम मी पाहतो आहे. गोंधळी समाज भटक्या जमातींत मोडतो. शेतजमीन थोड्यांकडे, बिदागी हाच आधार. संबळाला मागणी आहे. वरातीत, स्वागत समारंभात, चित्रफितीत संबळ हवे असते. तेव्हा घरातला तरुण मुलगा संबळ शिकतो आणि तिथेच थांबतो. बापाला येणारी आख्याने त्याच्या वहीत नाहीत, कारण ती कधी वहीत नव्हतीच. ती समोरच्या माणसांच्या हुंकाऱ्यावर चालत आली. ऐकणारा उठून गेला की ती बापाबरोबरच संपतील.

लोक ऐकतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना मी दोन नावे आठवून देतो. शाहीर विठ्ठल उमप यांनी 'जांभूळ आख्यान' रंगमंचावर आणले तेव्हा तिकीट काढून येणाऱ्या शहरी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. आणि आपल्या परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोकांनी 'गोंधळमहर्षी' म्हटले, ते काही केवळ संबळासाठी नव्हे. डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकाने या कलांना 'लोकरंगभूमी' म्हटले, त्यातही नाट्य गृहीत आहे आणि नाट्य म्हटले की संवाद आला.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. मिरवणुकीतल्या पथकांनी निवेदन बंद केले तर कुणाचे काही अडणार नाही. करायचेच असेल तर दोन वाक्यांत करावे आणि तिसरे वाक्य लोकांना म्हणू द्यावे. गारद दिली की चौक कसा एका आवाजात उत्तर देतो, हे त्यांना ठाऊक आहेच. आणि ज्यांच्या घरी या हंगामात गोंधळ आहे त्यांनी गोंधळ्याला ठरवतानाच विचारावे, "कथा कोणती लावणार? किती वेळ लागेल?" तो सांगेल तेवढा वेळ, निदान एक तास, कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवावा. ध्वनिक्षेपक काढून टाकावा, खुर्च्या उचलून सतरंजी अंथरावी, पोरांना पुढे बसवावे. साथीदाराने प्रश्न विचारला की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने संकोच सोडून उत्तर द्यावे. एकाने दिले की दुसरा देतो, हा माझा अनुभव आहे. तेवढ्याने गोंधळ्याच्या मुलाला कळेल की बापाच्या बोलण्यालाही गिऱ्हाईक आहे, आणि कदाचित त्या रात्री घरी जाताना तो बापाला पुढचा भाग विचारील.