भीती एका ट्यूबची, भरवसा दुसरीवर

गेल्या उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आमच्या ओपीडीत आली. (थोडे तपशील बदलले आहेत.) तक्रार साधी होती. चार-सहा मुरूम येतात, जातात, पाळीच्या आधी पुन्हा येतात, असे तीन वर्षे चाललेले. त्रासाचे कारण मात्र वेगळेच होते. मैदानावर उन्हात धावली की चेहरा लालबुंद होऊन आग व्हायची, आणि गालांवर लव वाढू लागली होती. मी बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जेलचे नाव काढताच ती म्हणाली, "मॅडम, ते नको. त्यानं कॅन्सर होतो, मोबाइलवर पाहिलंय मी." मग आजवर काय लावत होतीस, असे विचारल्यावर तिने पर्समधून एक चेपलेली ट्यूब काढली. बारीक अक्षरांत घटक छापलेले होते : एक जोरदार स्टेरॉइड, एक जंतुनाशक, एक बुरशीनाशक. दीड वर्ष, रोज रात्री. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय.

तिची भीती अगदीच हवेतली नव्हती. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील एका खासगी प्रयोगशाळेने असे मांडले की, बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेत विघटित होते आणि त्यातून बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते. त्यानंतर तिथल्या एफडीएने ९५ उत्पादने तपासली आणि मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळलेच नाही किंवा अत्यल्प आढळले. मोजकी काही उत्पादने कंपन्यांनी दुकानांतून परत घेतली. ही उत्पादने अनेक दशके रोज वापरली तरी त्यामुळे कर्करोग होण्याचा धोका अतिशय कमी आहे, असेही एफडीएने स्पष्ट केले. आपल्याकडे मोबाइलवर फिरला तो पहिला भाग. दुसरा फिरला नाही. त्यातून घ्यायची खबरदारी एवढीच, की ही ट्यूब थंड जागी ठेवावी, मुदत संपली की टाकून द्यावी आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत विसरू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी तर मुळीच नाही.

आता दुसरी ट्यूब. देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक केंद्रांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास पंधरा टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या सुमारे एकचतुर्थांश लोकांनी ते मुरुमांसाठी सुरू केले होते. निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरूम येणे किंवा असलेले वाढणे!

लोक तरीही ते का सोडत नाहीत, याचे उत्तर सोपे आहे. स्टेरॉइड दाह दाबते, त्यामुळे तीन-चार दिवसांत लाली उतरते, गाठ बसते, रंगही उजळल्यासारखा दिसतो. महिनोन्महिने वापरल्यावर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा दिसू लागतात, लव वाढते. बंद केले की चेहरा भडकतो, आग होते आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेसाठी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच द्यावे लागले.

कायदा नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची बाहेरून लावायची औषधे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण काउंटरवर उभे राहून "मुरुमासाठी काहीतरी द्या" म्हणणाऱ्याला चिठ्ठी विचारली जातेच असे नाही. सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणेही मला पटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, ओपीडीत रांग लागलेली असताना, मीही अशी 'मिक्स' मलमे चेहऱ्यासाठी लिहून दिली आहेत. रुग्ण आठ दिवसांत खूश होऊन यायचा. सहा महिन्यांनी त्याचे काय झाले, ते मला कळत नसे.

सौम्य मुरुमांचे योग्य औषध शोधणे अवघड नाही, ते लावत राहणे अवघड आहे. आज आरशात दिसणारा मुरूम आज जन्मलेला नसतो. त्वचेखाली तेलग्रंथीचे तोंड बुजण्याची क्रिया काही आठवडे आधीच सुरू झालेली असते. म्हणून नुसत्या फोडावर ठिपका लावून उपयोग नाही. जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर औषध लावावे लागते, आणि निकाल बघायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. दोन-तीन आठवड्यांत "गुण नाही" म्हणून ट्यूब बदलणारे वर्षभरात चार औषधे करतात आणि एकही पूर्ण करत नाहीत. मुरूम परत येणे हा या विकाराचा स्वभावच आहे. चेहरा स्वच्छ झाल्यावरही औषध काही महिने चालू ठेवायचे असते, आणि नेमके तेव्हाच ते थांबवले जाते.

औषधे दोन मुख्य. ॲडापॅलिन ०.१ टक्का, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे पुरते. सुरुवातीला एक दिवसाआड, सोबत साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण परत येत नाही. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध नको. त्यांच्यासाठी ॲझेलेइक ॲसिडसारखे पर्याय आहेत, आणि ते काळ्या डागांवरही उपयोगी पडते. दुसरे, बेंझॉइल पेरॉक्साइड. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अडीच टक्क्यांचे साधारण जास्त तीव्रतेच्या जेलइतकेच काम करते आणि त्रास कमी देते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुरचुरीचेही डाग राहतात, त्यामुळे 'जास्त कडक म्हणजे जास्त चांगले' हा हिशेब इथे चालत नाही. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक मलम एकटे, महिनोन्महिने लावू नये. जंतू त्याला दाद देईनासे होतात. बेंझॉइल पेरॉक्साइड जोडीला असेल तर ती शक्यता कमी होते.

लिंबू, टूथपेस्ट, दिवसातून सहा वेळा साबण, हे सगळे बंद. कपाळावर मुरूम येत असतील तर डोक्यावर थापलेल्या तेलाकडे बघावे. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर नुसत्या मलमावर थांबू नये. आणि खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर तो सौम्य प्रकार नव्हे. त्यांनी वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

घरच्या ट्यूबवर घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल आणि ती बरेच महिने चेहऱ्याला लावली असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम सोडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. काहींना ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

त्या मुलीला मी आमच्या त्वचारोग विभागात पाठवले. त्यांनी स्टेरॉइड उतरवत नेले. मुरुमांचे औषध लगेच सुरू केले नाही, आधी नुसते मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पहिल्या महिन्यात चेहरा आणखी बिघडला, तेव्हा ती दोनदा रडत आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, मैदानी चाचणीपुरती जुनी ट्यूब लावू का?" नाही म्हटले. दोन महिन्यांनी ॲडापॅलिन सुरू झाले, एक दिवसाआड. नंतर बेंझॉइल पेरॉक्साइडही.

दिवाळीच्या सुमारास ती वॉर्डाबाहेर भेटली. हनुवटीवर दोन मुरूम होते, गालांची आग थांबली होती. जेलने उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात म्हणून आई ओरडते, एवढी तक्रार होती. तिला पांढरा अभ्रा वापरायला सांगितले.