फ्यूज वायरचा असतो, रेडिओचा नव्हे

आमच्या घराण्यात सध्या दोन पक्ष पडलेत. विषय राजकारणाचा नाही, काकांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण वायरिंगची पार रया गेलेली. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, आणि हेडलाइट लावले की समोर उजेड पडला की नाही हे खाली उतरून बघावं लागतं.

वायरिंग बदलायला हवं यावर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते कुठलं टाकायचं यावर. काकांचा पक्ष म्हणतो, "वायर म्हणजे वायर. चौकातल्या बॅटरीवाल्याकडे गाडी लाव, संध्याकाळपर्यंत करून देईल." दुसऱ्या पक्षाचा पुढारी आमचा मावसभाऊ. तो राहतो ह्यूस्टनला, आणि त्याचा आग्रह आहे २१ सर्किटच्या अमेरिकन युनिव्हर्सल किटचा. "एकदाच काय ते चांगलं घ्या!" हे त्याचं पालुपद.

माझं मत दोघांनाही आवडणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मंडळी, दोघंही चुकताहेत, आणि एकाच कारणाने चुकताहेत. गाडीत किती दिवे, किती मोटरा आणि त्यांना किती करंट लागतो, हे दोघांपैकी कुणीही मोजलेलं नाही.

आधी ह्यूस्टन. ही किट्स कुणासाठी बनतात? तिकडे जुन्या गाड्यांत मोठं व्ही-८ इंजिन बसवणाऱ्या हौशी लोकांसाठी. त्यातल्या सर्किटांची यादी वाच रे बाबा: पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, एसी, इलेक्ट्रिक फॅन, इलेक्ट्रिक फ्युएल पंप... यातलं पद्मिनीत काय आहे? काचा हाताने फिरवायच्या आणि पेट्रोल पंप इंजिनवर चालणारा. शिवाय बहुतेक किटांचे रंग आणि स्टिअरिंगखालचा कनेक्टर जनरल मोटर्सच्या पद्धतीचा. फियाटच्या दांडीला तो बसत नाही, म्हणजे तो कापायचा आणि नवा जोड द्यायचा. गाडी जेमतेम चार मीटर लांब, उरलेल्या वायरचं वेटोळं डॅशबोर्डच्या मागे कोंबायचं. वापरात नसलेली नऊ-दहा सर्किटं हा 'पुढेमागे उपयोगी पडतील' असा ठेवा नव्हे, ती तिथली नुसती अडगळ आहे.

पण किटाचे गुणही सांगायला हवेत. चांगल्या किटातल्या वायरचं वेष्टण क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचं असतं, १२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारं. घरातल्या फिटिंगच्या साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश. शिवाय वायरवर ठरावीक अंतराने तिचं काम छापलेलं असतं, म्हणजे दहा वर्षांनी कुणी दुसऱ्याने डॅश उघडला तरी त्याला कोडं पडत नाही. हे दोन गुण आपण उचलायचे. एकविसाचा आकडा राहू दे तिकडेच.

आता चौक. काका, तुमच्याशी भांडायची माझी प्राज्ञा नाही, पण "वायर म्हणजे वायर" हे वाक्य मात्र मान्य नाही. नाना पेठेतल्या एका दुकानात तयार वायरिंग सेट हातात घेऊन पाहिला. हेडलाइटची वायर आणि नंबरप्लेटच्या दिव्याची वायर एकाच जाडीची! विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, सगळ्या गाड्यांत हीच जाते." जात असेल. म्हणूनच सगळ्या गाड्यांचे दिवे असे आहेत.

जरा हिशोब करू, शाळेतलाच आहे. साठ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १२० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. हा सगळा करंट बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि तिथून परत दिव्यांपर्यंत, समजा चार मीटर, एक स्क्वेअर एमएमच्या वायरीतून गेला तर नुसत्या तांब्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्यात चाळीस वर्षांच्या स्विचचे काळे पडलेले पॉइंट आणि गंजलेली अर्थ मिळवा, की सव्वा व्होल्ट सहज जातो. म्हणजे दहा टक्के. पण बल्बचा उजेड दहा टक्क्यांनी कमी होत नाही. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. तेव्हा काका, दिव्यांचं वय झालेलं नाही, त्यांना पोटभर वीज मिळत नाही. यावर १००/९० वॅटचे बल्ब टाकणं म्हणजे त्याच वायरीतून जवळपास १७ अँपिअर ओढणं.

उपाय म्हणजे रिले. स्विचने फक्त रिलेला इशारा करायचा. दिव्यांचा करंट बॅटरीजवळून, दीड मीटरच्या अडीच स्क्वेअर एमएम वायरीतून, स्वतंत्र फ्यूजमधून सरळ रिलेमार्गे दिव्यांकडे जातो. त्या तुकड्यात जाणारे व्होल्ट? ०.१. जो वायरिंग सेट हेडलाइटला रिले देत नाही, तो नवा असूनही जुनाच समजा.

आता फ्यूज, कारण माझा खरा राग इथे आहे. आपल्याकडे समज असा की फ्यूज रेडिओला वाचवतो, दिव्याला वाचवतो. नाही हो! फ्यूज वायरीला वाचवतो. त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो: एक स्क्वेअर एमएमला १०, दीडला १५, अडीचला फार तर २५ अँपिअर. फ्यूज सारखा उडतोय म्हणून एकच्या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज लावला, की आता ती वायरच फ्यूज झाली, आणि ती वितळणार कुठे? कार्पेटखाली, सीटच्या कापसाजवळ. आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूज 'दुरुस्त' करणाऱ्यांना आपण हुशार म्हणतो, जुगाडू म्हणून त्यांचं कौतुक करतो. हे कौतुक बंद व्हायला हवं. आपल्या या सवयीला मी कौशल्य म्हणणार नाही. तो बेफिकिरीला दिलेला गोंडस शब्द आहे.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी इतकी वर्षं याच गाड्या चालवल्या की." चालवल्या. पण ती गाडी रोज रस्त्यावर होती, चालकाचं पोट तिच्यावर होतं, बिघाड त्याच दिवशी कळायचा आणि मिस्त्री कोपऱ्यावर असायचा. आपली गाडी महिन्यातून दोनदा निघते, उरलेले दिवस उंदरांच्या ताब्यात. शिवाय २००३ मध्ये नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाच्या अटीमुळे निवृत्त झाली. टॅक्सी गेल्या तसा सुट्या भागांचा रोजचा खपही गेला. यापुढे अशा गाड्यांचं सामान कमीच होत जाणार, म्हणून आता घ्याल ते नीट बघून घ्या.

'ओरिजिनल लुक'वाल्यांनाही एक उत्तर देऊन ठेवतो. चिनीमातीचे उघडे फ्यूज दिसायला गोड, पण त्यांची टोकं पावसाळ्यात हिरवी पडतात. पात्यांचा फ्यूजबॉक्स आणि रिले डॅशच्या मागे लपवता येतात. तुमच्या फोटोत ते येणार नाहीत, काळजी नसावी.

मग घ्यायचं काय? आधी वहीच्या एका पानावर यादी करा. हेडलाइट १० अँपिअर, ब्रेकचे दोन दिवे साडेतीन, एका बाजूचे इंडिकेटर तेवढेच, कॉइल चार, मग वायपर, हॉर्न, पार्किंग, मोबाइल चार्जर. पद्मिनीला दहा-बारा सर्किटं पुरतात. प्रत्येकासमोर वायरीची जाडी आणि फ्यूज लिहा. सर्किटाचा नेहमीचा करंट फ्यूजच्या आकड्याच्या ८० टक्क्यांपुढे नको. मग ते पान दुकानदारासमोर ठेवा. १२ सर्किटचं साधं किट, किंवा यादीबरहुकूम बांधून दिलेला सेट, दोन्ही चालतील. वायरीवर जाडी छापलेली आहे ना, टोकं पक्क्याने दाबलेली आहेत ना (पीळ देऊन काळी टेप नाही!), आणि अर्थच्या स्वतंत्र वायरी आहेत ना, एवढं बघा. ब्रेक दाबल्यावर मिणमिणणारा इंडिकेटर बहुतेक वेळा अर्थचीच तक्रार करत असतो. 'बॉडी आहेच की' या भरवशावर चाळीस वर्षांच्या गंजलेल्या पत्र्याला तार समजू नका.

हे एवढं ताणून लिहायचं कारण सांगतो. काकांच्या धाकट्या लेकीला लायसन्स मिळालंय आणि तिला हीच गाडी हवी आहे. ती रात्री खंबाटकी घाट उतरत असेल तेव्हा सर्किटं एकवीस आहेत की बारा, याने काहीच फरक पडणार नाही. समोरचं वळण दिसलं पाहिजे, आणि कुठे शॉर्ट झालाच तर वायर पेटण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. या दोन गोष्टी ज्या सेटमध्ये आहेत तो घ्या. मग तो अमेरिकेचा असो नाहीतर नाना पेठेतला.