फुकट, मोफत, मुक्त आणि प्रीमियम

मराठीत 'फुकट' हा शब्द कधी चांगल्या अर्थाने येतो का, जरा आठवून बघा. वर्ष फुकट गेलं. फुकटची कटकट. फुकट्या कुठला! फार तर 'फुकट ते पौष्टिक' म्हणून आपण हसतो, पण तेव्हाही दुसऱ्याच्या फराळाच्या डब्यात हात घातलेला असतो. आता त्याच अर्थाचा 'मोफत' घ्या. मोफत नेत्रतपासणी शिबिर, मोफत पाठ्यपुस्तके. इथे कोणी कोणाला हिणवत नाही. आणि 'प्रवेश विनामूल्य' असं कार्डावर छापलेलं असलं की आपण चक्क इस्त्रीचा शर्ट घालून जातो! तिन्ही ठिकाणी खिशातून जाणारी रक्कम शून्य. पण शब्द बदलला की घेणाऱ्याची मान कधी ताठ राहते, तर कधी खाली जाते.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लवकरच लागणारं एक पोस्टर. आपल्या विद्यार्थी मंडळाने दुसऱ्या वर्षाच्या विषयांचं अभ्याससाहित्य तयार केलं आहे. मागच्या परीक्षांचे सोडवलेले पेपर, युनिटवार नोट्स, शिवाय शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी रात्री जागून रेकॉर्ड केलेले गणितांचे व्हिडिओ. काम झकास झालंय, त्यात वादच नाही. पेपर आणि नोट्स सगळ्यांना तशाच मिळणार. व्हिडिओ आणि दर शनिवारचा शंकांचा तास यांसाठी मात्र एका सत्राचे रु. ३००/- पडणार. पैसे घेण्यालाही माझी हरकत नाही. माइकला पैसे पडतात, व्हिडिओ साठवायला पैसे पडतात आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा वेळ काही रस्त्यावर पडलेला नाही. हरकत आहे ती पोस्टरच्या मसुद्याला. डावीकडे ढोबळ अक्षरांत 'फ्री', उजवीकडे सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम', आणि त्याखाली एक ओळ : 'फक्त सिरीयस स्टुडंट्ससाठी'.

माझं म्हणणं थोडक्यात असं की नाव वस्तूला द्यावं, माणसाला देऊ नये. पैसे भरले तर काय मिळेल ते सांगा. पैसे न भरणारा कोण आहे, ते सांगू नका.

आधी 'फ्री'कडे वळू. या एका इंग्रजी शब्दाने आपल्याच क्षेत्रात केवढा घोळ घातला आहे! रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ते सांगत आले की आमच्या 'फ्री सॉफ्टवेअर'मधला 'फ्री' म्हणजे स्वातंत्र्य, किंमत नव्हे. प्रोग्राम वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. पण ऐकणाऱ्याला 'फ्री' म्हटलं की शून्य रुपयेच ऐकू येतात. शेवटी १९९८ साली क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हा वेगळा शब्द सुचवला, तो बऱ्याच अंशी या गोंधळातून सुटण्यासाठीच. आपलं नशीब असं की मराठीत हे भांडण व्हायचं कारणच नाही. 'मुक्त' वेगळं आणि 'मोफत' वेगळं. नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, तिथे फी भरावी लागते. म्हणून 'मुक्त म्हणता आणि पैसे घेता?' असं भांडायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. तिथे दार मोकळं आहे, शुल्क नव्हे, हे सगळ्यांना कळतं.

मग आपल्या नोट्स नक्की काय आहेत? नुसत्या मोफत, की मुक्तसुद्धा? झेरॉक्स काढून दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राला दिल्या तर चालेल का? पुढच्या वर्षी ज्युनिअरने त्यात भर घातली तर? 'फ्री' या शब्दातून याचं काहीच उत्तर मिळत नाही. 'मोफत, आणि वाटायला मोकळीक' या शब्दांतून मिळतं.

'फ्री'ची दुसरी अडचण म्हणजे तो डोक्यात जातो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चॉकलेटांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. भारीतलं चॉकलेट १५ सेंटला आणि साधं १ सेंटला ठेवलं, तेव्हा बहुतेकांनी भारीतलं घेतलं. मग दोन्ही एकेक सेंटने स्वस्त केली. भारीतलं १४ सेंटला, साधं शून्याला. किमतीतला फरक तोच, पण आता बहुतेक जण साध्याकडे वळले. आपल्या भाषेत सांगायचं तर हा आलेख शून्यापाशी तुटतो, तिथे सातत्य नाही! 

ही गोष्ट विकणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायच्या टर्बोटॅक्स या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'फ्री' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला जायचा. प्रत्यक्षात फुकटची सोय फक्त साध्यासोप्या विवरणपत्रांपुरती होती, बाकीच्यांना पुढे पैसे मोजावे लागत. २०२२ साली तिथल्या सगळ्या ५० राज्यांशी तडजोड करताना कंपनीने १४ कोटी १० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. चूक केल्याचं कबूल केलं नाही, पण ती जाहिरात बंद करायचं ठरलं.

आपल्याकडेही आता नियम आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही द्यावं लागत असेल, तर त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. क्लासवाल्यांची गंमत तर त्याहून न्यारी. निकाल लागला की यशस्वी उमेदवारांचे फोटो झळकतात आणि शेजारी हजारो रुपयांच्या कोर्सची जाहिरात असते. प्राधिकरणाने तपासलं तेव्हा यातल्या अनेकांनी त्या क्लासची फक्त मोफत मुलाखत-तयारी घेतली होती! म्हणजे यश फुकटवाल्याचं आणि माल प्रीमियमचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगसाठी वेगळी तत्त्वं आली. आता फोटोसोबत उमेदवाराने कोणता कोर्स, किती काळ घेतला आणि तो पैसे भरून घेतला की नाही, हे द्यावं लागतं.

होस्टेलवर कोणाला न सांगता कळेल असं याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे विनरार. ते उघडलं की सरळ सांगतं की हे फुकट नाही, ४० दिवस वापरून बघा, मग एक तर विकत घ्या नाही तर काढून टाका. चाळीस दिवस उलटले तरी बिचारं फाइल उघडून देतंच. ते विकत घेतलेला माणूस मी आपल्या होस्टेलवर अजून पाहिलेला नाही, तो भाग वेगळा! पण मुदत किती आणि नंतर काय, याबद्दल त्याने कोणाला अंधारात ठेवलं असं कोणी म्हणणार नाही.

आता 'प्रीमियम'. माझ्या घरी प्रीमियम म्हणजे एलआयसीचा हप्ता, जो भरायची तारीख जवळ आली की बाबा गप्प होतात. पुढे २००६ साली 'फ्री' आणि 'प्रीमियम' यांची मोट बांधून 'फ्रीमियम' असा शब्द तयार झाला. थोडं मोफत द्यायचं, जास्तीचं विकायचं, असा तो धंदा. यूट्यूबने २०१५ साली पैसे भरून घ्यायच्या सेवेला 'रेड' नाव दिलं, २०१८ साली ते बदलून 'प्रीमियम' केलं. पण आपल्या विंगमध्ये ते कोणी का घेतो, विचारून बघा. 'जाहिराती येत नाहीत म्हणून', हेच उत्तर येईल. म्हणजे विकलं जातं ते 'जाहिरातीशिवाय' या शब्दाने. 'प्रीमियम' नुसतं सांगतं की हे वरचं आहे. काय वरचं, कशाच्या वर, याचा पत्ता नाही.

आपली एसटी या बाबतीत जास्त शहाणी. साधी, निमआराम, शिवनेरी. 'निमआराम' या शब्दाला तर माझा सलाम! अर्धाच आराम मिळेल, हे तिकीट काढण्याआधीच सांगितलेलं. आणि 'साधी' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही, कारण साधी गाडीही त्याच गावाला पोचवते. खानावळीच्या पाटीवर 'लिमिटेड' आणि 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं. ते पोळ्यांबद्दल असतं, जेवणाऱ्याबद्दल नसतं. 'अनलिमिटेड थाळी : फक्त सिरीयस जेवणाऱ्यांसाठी' अशी पाटी कोणी लावली, तर आपण शेजारच्या खानावळीत जाऊ की नाही?

मोफत आणि सशुल्क शेजारीशेजारी ठेवायची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रांचा कक्ष सगळ्यांना खुला असतो. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी. त्या खुल्या कक्षाला 'मुक्तद्वार' असा सुंदर शब्द काही ठिकाणी वापरतात. तिथे बसलेल्या आजोबांना कोणी 'फ्री यूजर' म्हणत नाही. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे एनपीटीईएल. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ साली सुरू केलेला हा प्रकल्प. त्यांचं सांगणं साधं आहे : नाव नोंदवणं आणि शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्या, ती ऐच्छिक आहे आणि तिचं शुल्क एक हजार रुपये. यात सोनेरी अक्षर एकही नाही. तरीही लाखो विद्यार्थी नावं नोंदवतात, कारण मोफतची हद्द कुठे संपते ते पहिल्याच दिवशी कळतं आणि पैसे न भरणाऱ्याला तोच प्राध्यापक, तेच व्याख्यान मिळतं.

पोस्टरवाले मित्र म्हणतील, 'अरे, एवढ्या सरळ शब्दांनी खप होत नाही. थोडं टोचल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही.' टोचून खप होतो, हे मलाही मान्य आहे. पण टोचणाऱ्या शब्दांचंही आता नाव ठरलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने 'डार्क पॅटर्न्स'ची जी यादी जाहीर केली, तिच्यात 'नाही' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दरचना करणं हाही एक प्रकार आहे. मोफत सेवेसाठी आधीच कार्डाचा नंबर मागणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं, हेही त्याच यादीत. 'फक्त सिरीयस स्टुडंट्ससाठी' ही ओळ या कुटुंबातलीच. आता ती कोण वाचणार, याचा विचार करा. रु. ३००/- म्हणजे कोणाला एका पिझ्झाचे, तर कोणाला आठवडाभराच्या नाश्त्याचे. शिष्यवृत्ती खात्यात कधी जमा होते याची वाट बघणारा मुलगा रोज त्या बोर्डासमोरून मेसला जाणार, आणि आपणच, त्याचे सीनिअर, त्याला रोज सांगणार की तू सिरीयस नाहीस. रीडिंग रूममध्ये रात्री दोन वाजता दिवा कोणाचा चालू असतो, ते वॉचमन काकांना विचारा.

उलट टोकालाही जाऊ नका. 'देणगीमूल्य', 'स्वागतमूल्य' हे शब्द आपल्या छापील परंपरेतले आहेत आणि गोडही आहेत. पण ठरावीक रक्कम दिल्याशिवाय व्हिडिओ उघडत नसेल, तर ते सरळ शुल्क आहे, त्याला देणगी म्हणू नये. इंजिनिअरिंग कॉलेजात तर 'देणगी' या शब्दाबद्दल जितकं कमी बोलू तितकं बरं! आणखी एक. सरांनी-मॅडमनी वर्गात सगळ्यांना दिलेल्या नोट्स स्कॅन होऊन पैशाच्या बाजूला जाऊन बसता कामा नयेत. काल जे मोफत होतं त्याला आज नवं नाव देऊन विकणं, याला कुठल्याच भाषेत चांगला शब्द नाही.

नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून माझ्याकडून हा पर्यायी मसुदा :

'सोडवलेले पेपर आणि नोट्स : सर्वांना मोफत. झेरॉक्स काढा, वाटा, चुका सापडल्या तर कळवा.

व्हिडिओ आणि शनिवारचा शंकांचा तास : एका सत्राचे रु. ३००/-. सत्र संपलं की संपलं, पुढचे पैसे आपोआप कापले जाणार नाहीत.

पूर्ण अभ्यासक्रम नोट्समध्ये आहे. व्हिडिओत त्यातलीच गणितं पायरीपायरीने सोडवून दाखवली आहेत.

पैशाची अडचण असेल तर मंडळाच्या प्रतिनिधीला सांगा. यादी कुठेही लागणार नाही.'

यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि कुठलाही विक्रेता आपणहून लिहीत नाही ती हीच. न घेणाऱ्याचं काय अडत नाही, हे ती सांगते. ती वाचून दहा जण कमी घेतील कदाचित. पण जे घेतील ते घाबरून नाही, तर व्हिडिओ हवेत म्हणून घेतील, आणि पुढच्या सत्रातही आपल्या मंडळाच्या पोस्टरवर विश्वास ठेवतील. शेवटी एका छताखाली राहायचंय आपल्याला!

असो. मंडळाच्या मित्रांनी राग मानू नये, पटलं तर घ्यावं. नाही पटलं तर लेख फुकटात वाचायला मिळाला असं समजा... आणि तेही खरं नाही बरं का! फीची पावती काढून बघा. 'नियतकालिक शुल्क' असा एक रकाना असतो. रक्कम छोटी असते, पण कशासाठी घेतली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पोस्टरकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन